पातं हलू द्यायचं नाही

मेघा वासनिकच्या उजव्या अंगठ्याला चार टाके पडले त्याला वर्ष होत आलं, तरी थंडीत तो अंगठा पुरता वाकत नव्हता. टाके कशाने पडले असं कुणी विचारलं की ती "कांदा चिरताना" असं सांगून मोकळी व्हायची. ऐकणारा मान डोलवायचा. बाईमाणसाला कांदा चिरताना टाके पडतात हे कुणालाही चटकन पटतं.

खरी गोष्ट अशी होती की तिला सुरीनेच दगा दिला होता. नागपुरातली एक संस्था हिवाळ्यात शाळेच्या मुलांना जंगलात शिबिरासाठी नेते. तंबू ठोकणं, पाणी शोधणं, चूल पेटवणं, रस्ता चुकला तर काय करायचं, असं सगळं शिकवते. त्यांना प्रशिक्षक हवे होते आणि मेघाने अर्ज केला होता. सकाळी सहाची बस धरून बुटीबोरीला जायचं, तिथल्या टॉवेलच्या कारखान्यात आठ तास ट्यूबलाइटखाली उभं राहून धागा सुटलेले टॉवेल बाजूला काढायचे, हे काम ती चार वर्षं करत होती. कॉलेजात असताना एनसीसीची तीन शिबिरं तिने केली होती, आणि त्या तीन शिबिरांत तंबूत तिला जशी झोप लागली तशी नागपुरातल्या नंदनवन वस्तीतल्या घरात गादीवर कधी लागली नाही. तिला त्या कारखान्यातून सुटायचं होतं. याहून मोठी किंवा गूढ अशी तिची काही इच्छा नव्हती.

परीक्षा सोपी वाटण्यासारखी होती. सावनेरच्या पुढे एका तलावाकाठी सगळ्यांना बोलवायचे. ओल्या लाकडाचे दोन ओंडके द्यायचे, आणि चकमकीची एक कांडी. सुरी उमेदवाराने आपली आणायची. दोन खुंट्यांमध्ये गुडघ्याइतक्या उंचीवर सुती दोरा बांधलेला असायचा. वीस मिनिटांत जाळ करून तो दोरा जाळून तोडायचा. पहिल्या वेळी मेघाने भावाच्या मित्राची सुरी नेली होती. तिच्या पाठीला करवतीचे दात होते, मुठीच्या टोकाला होकायंत्र होतं, आणि मूठ पोकळ असून तिच्या आत गळ, सुई-दोरा, काड्या असं बरंच काही भरलेलं होतं. सुरी कमी आणि जनरल स्टोअर्स जास्त, असा तो प्रकार होता. ओंडका फोडण्यासाठी पातं लाकडावर ठेवून वरून दांडक्याने ठोकलं, तर तिसऱ्या ठोक्याला मूठ उघडली आणि पातं फिरून अंगठ्यात गेलं. गळ आणि सुई-दोरा मातीत सांडले. त्या सुई-दोऱ्याचा काही उपयोग झाला नाही, टाके सावनेरच्या दवाखान्यात घालावे लागले.

दवाखान्यात तिला घेऊन गेले ते सुमंत सर. परीक्षा तेच घेत. जंगल खात्यातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे, सभ्य गृहस्थ. परतताना गाडीत त्यांनी तिचा अर्ज आठवला. "तुम्ही लिहिलंय की आईबरोबर लग्नाच्या स्वयंपाकालाही जाता," ते म्हणाले. "मग असं करा ना. आमच्या शिबिरात स्वयंपाक सांभाळणारं कुणी नाहीये. जंगलातच राहाल, आणि हातही सुरक्षित राहतील." त्यांनी हे इतक्या चांगल्या मनाने सांगितलं की मेघाला भांडताही येईना. ती "विचार करून सांगते" म्हणाली आणि उरलेला रस्ता खिडकीबाहेर पाहत बसली.

संस्थेचा नियम असा की परीक्षा दोनदाच देता येते. यंदा जानेवारीत दुसरी संधी होती. त्यानंतर एक तर प्रशिक्षक व्हायचं, नाही तर शिबिरातल्या मुलांसाठी पोळ्या लाटायच्या, नाही तर टॉवेल. म्हणून यंदा सुरी कुणाकडून मागून न आणता, नीट पाहून स्वतःची घ्यायची असं तिने ठरवलं.

हे ठरवल्याबरोबर तिचा धाकटा भाऊ प्रशिक कामाला लागला. प्रशिकने उभ्या आयुष्यात तंबूत एक रात्र काढलेली नव्हती, पण जगातल्या सगळ्या सुऱ्यांचे व्हिडिओ त्याने पाहिले होते. जेवताना तो पोलादाच्या जाती सांगायचा. त्यांची आई मनकर्णाबाई ऐकून घ्यायची. मनकर्णाबाई लग्नाच्या ऑर्डरीत भाज्या चिरणाऱ्या बायांच्या टोळीची मुकादम. तीस वर्षं ती विळीवर बसत आली होती. पाचशे पानांच्या पंगतीची वांगी दुपारच्या आत चिरून मोकळी करणारी बाई, पण घरात पोलादावर बोलायचा अधिकार प्रशिकचा होता.

इतवारीच्या बाजारात मुकुंदभाऊंचं जुनं दुकान आहे. विळ्या, अडकित्ते, शिंप्यांच्या कात्र्या, आणि अलीकडे काचेच्या एका कप्प्यात जंगलात न्यायच्या सुऱ्या. मेघा आणि प्रशिक निघाले तेव्हा मनकर्णाबाईही विळीला धार लावून आणायची म्हणून पिशवी घेऊन निघाली. प्रशिकला ते फारसं आवडलं नाही.

मुकुंदभाऊंनी गिऱ्हाइकाकडे एकदा पाहिलं आणि नऊ सुऱ्या मांडल्या. प्रशिकने मोबाइल काढला.

"भाऊ, घडीवाल्या नाई पायजे. अन् फुल टँग पायजे."

"म्हंजे काय गा?" मनकर्णाबाईने विचारलं.

"म्हंजे पात्याचं पोलाद मुठीत अर्ध्यावर खतम नाई होत, पार शेवटपर्यंत जाते. मागच्या वेळी ताईची सुरी तुटली थे त्याच्याचमुळं."

"विळीचं बी तसंच राह्यते. पातं पाटात खोल गेलं नसलं त डुगडुगते. त्याले इंग्रजी नाव कायले लागते?"

प्रशिकचा डोळा एका सात इंची काळ्या सुरीवर गेला होता. तिला बोटं घसरू नयेत म्हणून आडवी पट्टी होती, आणि मुठीला बोटांसाठी चार खळगे होते. ती हातात घेतली की माणूस आपोआप छाती काढून उभा राहायचा. मुकुंदभाऊंनीही तिची तारीफ सुरू केली, कारण ती महागाची होती. मेघाने ती घेतली, उलटून पाहिली आणि आईकडे दिली.

मनकर्णाबाईने मुठीत पकडली. "बोटासाठी खड्डे केले हायत," ती म्हणाली, "पण कोनाच्या बोटासाठी?" तिची बोटं त्या खळग्यांत बसतच नव्हती. मग तिने मेघाला विचारलं, "काय कापाचं हाय वं तुले यानं?"

"लाकूड. ओंडका फोडाचा, अन् मग पातळ छिलपे काढाचे."

"मंग एवढं लांब पातं कायले? कोहळं थोडीच चिराचं हाय."

मुकुंदभाऊ हसले. प्रशिक मोबाइलमध्ये बघत राहिला. पण त्याच्याच यादीतही लिहिलेलं होतं की पातं चार-साडेचार इंचांचं बरं, त्यामुळे काळी सुरी बाजूला गेली. मग स्टेनलेस घ्यावी की साधं पोलाद, यावर चर्चा निघाली. मुकुंदभाऊंनी प्रामाणिकपणे सांगितलं की स्टेनलेसला गंज चढत नाही. साधी पोलादी काळी पडते, वापरून झाली की पुसून तेलाचं बोट फिरवावं लागतं, पण तिला धार लवकर लागते, जंगलात दगडावरही लावता येते.

"माई विळी कैरीनं कवाचीच काळी पडली," मनकर्णाबाई म्हणाली. "तिच्यावानी धार कोनाची हाय थे सांगा मले."

शेवटी मुकुंदभाऊंनी खालच्या फळीवरून एक सुरी काढली. चार इंचांचं साधं पातं, शिसवी मूठ, पितळेच्या तीन रिबिटी. ना दात, ना खळगे, ना होकायंत्र. "ही कोणी घेत नाही," ते म्हणाले. "दिसायला गरीब आहे न." मनकर्णाबाईने ती मुठीत गच्च दाबली, उलटी धरली, डाव्या हातात धरली. सगळीकडून सारखीच बसत होती. प्रशिकने मात्र पात्याच्या पाठीवरून नख फिरवलं, कारण पाठीची कड काटकोनी असेल तरच चकमकीच्या ठिणग्या नीट पडतात, आणि हे त्या दुकानात फक्त त्यालाच माहीत होतं. कड काटकोनी होती. त्याने मान डोलावली. मेघाने ती सुरी घेतली. घरी येईपर्यंत प्रशिकला वाटू लागलं की ती त्यानेच शोधली.

पुढचा महिना मेघा कारखान्यातून आली की गच्चीवर बसून लाकूड छिलायची. ओंडका फोडणं जमत होतं. अडचण पुढे होती. ओल्या लाकडाच्या आतला कोरडा गाभा काढायचा, त्याच्या काडीवर सुरीने इतके पातळ पापुद्रे सोडायचे की ते वळून काडीलाच चिकटून राहावेत. ते ठिणगीने पेटतात. त्यासाठी पात्याच्या पाठीवर अंगठ्याने सारखा दाब द्यावा लागतो, आणि मेघाचा अंगठा पाच-सहा पापुद्र्यांनंतर दुखून सैल पडायचा. मग पातं खोल शिरायचं आणि पापुद्रा तुटून खाली पडायचा. संध्याकाळी गच्चीवर अशा तुटलेल्या छिलप्यांचा ढीग व्हायचा, आणि मनकर्णाबाई तो चुलीसाठी उचलून न्यायची.

एका संध्याकाळी ती तिथेच उभी राहिली. "सुरी काहून चालवून राहिली?" तिने विचारलं.

"म्हंजे? सुरी चालवाचीच राह्यते आई."

"सरक."

मनकर्णाबाई उजवा गुडघा उभा करून बसली. मूठ मुठीत घेतली, मनगट गुडघ्याखाली नडगीला टेकवलं, धार समोरच्या बाजूला. सुरी तिथेच रोवल्यासारखी थांबली. मग डाव्या हाताने तिने काडी धारेवर टेकवली आणि कमरेकडे मागे ओढली. पापुद्रा निघाला, वळला आणि काडीवरच राहिला. दुसरा. तिसरा.

"विळीवर आपुन पुढं ढकलतो, इथं मांगं ओढाचं. पन पातं हलू द्याचं नाई. पातं थांबलं त बोट बी वाचते अन् अंगठ्याले काम बी नाई पडत. चाळीस किलो कांदे हात चालवून चिरता येत असते का?"

मेघाने करून पाहिलं. जमलं. पहिल्याच काडीला जमलं, आणि म्हणूनच ती नाराज झाली. अशी उकिडवी बसून, गुडघ्याशी सुरी धरून ती सुमंत सरांसमोर लाकूड ओढताना तिला स्वतःच दिसली. हुबेहूब भाजी चिरणारी बाई. सर काय म्हणतील ते तिला पाठ होतं.

"तिथं असं नाई चालत," ती आईला म्हणाली. "तिथं उभ्यानं नाई तर ओंडक्यावर बसून, नीट कराव लागते."

"बरं," मनकर्णाबाई म्हणाली आणि छिलपे उचलून खाली गेली. मेघा पुन्हा अंगठ्याने दाबत बसली. हट्टाने माणूस स्वतःचंच किती नुकसान करून घेतो याला सीमा नाही.

परीक्षेच्या रविवारी तलावाकाठी दव इतकं होतं की गवतातून चालताना बूट भिजले. मेघासकट पाच उमेदवार होते, बाकीचे चौघे पोरगे. सुमंत सर एकेकाची सुरी हातात घेऊन पाहत होते आणि हीच का घेतली असं विचारत होते. मेघाने सांगितलं, पोलाद मुठीच्या टोकापर्यंत आहे, पातं हाताच्या कामापुरतं आहे, पाठ काटकोनी आहे, मूठ कशीही धरली तरी बसते. सरांनी रिबिटी पाहिल्या, सुरी परत दिली. "मागच्या वेळेपेक्षा फार शहाणी निवड आहे," ते म्हणाले. मेघाला बरं वाटलं. मग शिट्टी वाजली.

सहा मिनिटांत तिने दोन्ही ओंडके फोडले. सुरीची मूठ जराही हलली नाही. तिने कोरडा गाभा काढला, पाच काड्या केल्या आणि ओंडक्यावर बसून छिलायला घेतलं. थंडीने अंगठा आधीच आखडला होता. चौथ्या पापुद्र्याला तो सैल पडला. पापुद्रे तुटून ओल्या गवतात पडू लागले आणि पडताक्षणी दवाने भिजू लागले. नऊ मिनिटं झाली. पलीकडच्या एका पोराने ठिणग्या पाडायला सुरुवातही केली होती. अकरा मिनिटं. मेघाच्या हातात एकही धड काडी नव्हती. बुटीबोरीची बस, ट्यूबलाइट, टॉवेलांचे गठ्ठे, सगळं अगदी स्पष्ट दिसलं, आणि ते सगळं तिला नको होतं.

ती ओंडक्यावरून उतरली. खाली गवतात उजवा गुडघा उभा करून बसली, सुरी नडगीला टेकवली आणि काडी मागे ओढली.

पलीकडून कुणीतरी हसलं. तिने मान वर केली नाही. पहिली काडी भरली, दुसरी भरली. हात आपोआप चालू लागला. लहानपणापासून लग्नाच्या मांडवामागे आईशेजारी बसून तो चालतच आला होता. चार काड्या पापुद्र्यांनी गच्च झाल्या तेव्हा साडेपंधरा मिनिटं झाली होती. तिने त्या फाडलेल्या सालीवर ठेवल्या, वर बारीक कामट्या रचल्या, चकमकीवरून सुरीची पाठ दोनदा ओढली. दुसऱ्या वेळी पापुद्र्यांनी पेट घेतला. जाळ आधी चाचरला, मग उभा राहिला. अठराव्या मिनिटाला दोरा काळा पडला आणि तुटला. त्या दिवशी दोरा दोघांचाच तुटला.

सुमंत सर तिच्याजवळ येऊन वाकले. त्यांनी उरलेली पाचवी काडी तिच्या हातात दिली. "पुन्हा करून दाखवा." तिने करून दाखवलं. सरांनी बाकीच्या चौघांना जवळ बोलावलं. "हे पाहा. पातं स्थिर आहे, लाकूड हलतंय. सुरी निसटली तरी कुणाला लागणार नाही. मुलांना शिकवायला याच्याइतकी सुरक्षित पद्धत नाही." मग ते मेघाकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर खरंखुरं कौतुक होतं. "कुठे शिकलात हे?"

मेघाने तोंड उघडलं. उत्तर तयार होतं, एका शब्दाचं होतं. तेवढ्यात तिला गाडीतली खिडकी आठवली, आणि हातही सुरक्षित राहतील हे त्यांचं वाक्य.

"व्हिडिओत पाहिलं सर," ती म्हणाली. "बाहेरच्या देशातल्या एका माणसाचा होता."

"वाटलंच मला," सर म्हणाले. "आपल्याकडे असं कुणी करत नाही."

त्यांनी कागदावर तिच्या नावापुढे "निवड" असं लिहिलं आणि पंधरा तारखेपासून यायला सांगितलं.

दुपारी मेघा घरी पोहोचली तेव्हा मनकर्णाबाई दारात विळी मांडून संध्याकाळची वांगी चिरत होती. प्रशिक क्रिकेट खेळायला गेला होता. आईने मान वर केली.

"झालं का वं?"

"झालं. पास झाली."

मनकर्णाबाईचा चेहरा इतका फुलला की मेघाला पाहवेना. ती आईसमोर खाली बसली आणि तिला रडू आलं.

"आता काय झालं? पास झाली म्हन्ते न?"

मेघाने सगळं सांगितलं. अंगठा कसा सैल पडला, मग खाली कशी बसली, सरांनी चौघांना बोलावून कसं दाखवलं, काय विचारलं. आणि तिने काय उत्तर दिलं तेही सांगितलं. "मले तुयं नाव घ्याची लाज वाटली आई," ती म्हणाली. "अन् भीती बी वाटली."

मनकर्णाबाईचा हात थांबला नाही. वांग्याच्या चार फोडी पाण्यात पडल्या. मेघा वाट पाहत होती. आई रागावली असती, दोन शब्द लागतील असे बोलली असती, तरी तिला चाललं असतं. खरं तर तिला तेच हवं होतं.

"बरं केलं," मनकर्णाबाई म्हणाली. "विळीचं नाव काढलं असतं त त्या सायेबानं तुले पुन्हा सयपाकाचंच सांगतलं असतं."

टोमणा नव्हता. आईला ते मनापासून पटलं होतं. तिने दुसरं वांगं उचललं आणि काळजीने विचारलं, "त्या मानसाचं नाव काय सांगतलं?"

"कोणत्या माणसाचं?"

"ज्यानं तुले शिकोलं त्याचं. बाहेरच्या देसातल्या."

"नाव नाई सांगितलं."

"सांगून द्याचं न एखादं. उद्या पुन्हा विचारलं त अडकशीन. आताच इचार करून ठेव, इंग्रजीतलं चांगलं नाव पाह्य एखादं."

आई खरोखरच नावाची वाट पाहत होती, विळीवर वांगं तसंच धरून. मेघा तिच्यासमोर बसून राहिली आणि तिला एकही नाव सुचलं नाही.